दुपारची हजेरी

बारक्या नावाचाच बारक्या होता. वय अडतीस, उंची अशी की दुकानाच्या दारातून आत येताना मान वाकवावी लागायची, आणि पंजे एवढे मोठे की हातातली सुई दिसायचीच नाही. पण ताईने त्याला कडेवर घेऊन फिरवलं तेव्हा पडलेलं हे नाव तिने कधी बदलू दिलं नाही. गल्लीतलंही कोणी त्या भानगडीत पडलं नाही, कारण ताईशी वाद घालायला निघालेला माणूस अर्ध्या रस्त्यातून परत फिरतो, अशी तिची कीर्ती होती.

दुकान एक, धंदे दोन. पुढच्या भागात ताईचं बाकडं. वाळवंटापलीकडच्या गावाला जायचं असलेली माणसं तिथे येऊन बसायची आणि ताई त्यांना पार करून द्यायची. मागच्या भागात, एकुलत्या एका खिडकीखाली, बारक्या कातडी पखाली शिवायचा. मधे पडदा नव्हता. तो कधी उठला, चहाला कधी गेला, किती वेळाने परत आला, सगळं ताईला पाठ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ती एकोणीस. तेव्हापासून तिने त्याला नजरेआड होऊ दिलं नव्हतं, त्याच्या लग्नानंतरसुद्धा नाही, आणि यात काही वावगं आहे असं तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

तर एका सकाळी बारक्या दोऱ्याला मेण लावता लावता, मान वर न करता म्हणाला, की आम्ही दोघं पलीकडे राहायला जातोय, हिच्या माहेरी. तिकडे एक जागा बघितली आहे, या महिन्यातच निघू म्हणतो.

ताई नव्या पखालीला तेल लावत होती. तिने कुंचला खाली ठेवला, डब्याचं झाकण घट्ट दाबलं, "बरं" म्हणाली आणि त्या "बरं"नंतर भावाशी बोलणं टाकलं. भावजयीशी तर आधीपासूनच कामापुरतं होतं. ती शेजारच्या गल्लीत शिवणकाम करायची, गप्प असायची, आणि गप्प माणसांच्या डोक्यात सतत काहीतरी शिजत असतं असं ताईचं ठाम मत होतं. हे पलीकडे जाण्याचं खूळही तिचंच, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. बारक्याला स्वतःचं डोकं असतं तर तो असं बोललाच नसता.

आता एखाद्याशी अबोला धरायचा आणि त्यालाच वाळवंट पार करून द्यायचं, म्हणजे पंचाईतच. पण गावात हे काम करणारी माणसं दोनच होती आणि दुसऱ्याचा घसा महिनाभर बसलेला. शिवाय आपल्या भावाला परक्याने न्यावं आणि वाटेत काही बरंवाईट झालं तर लोक काय म्हणतील, असं ताईने स्वतःलाच समजावलं. खरं म्हणजे पाच दिवस तो आणखी डोळ्यांसमोर राहील, एवढंच तिला हवं होतं.

त्या वाळवंटाला विसरायची खोड होती. तिथल्या वाळूला मोठ्याने सांगितलेलं तेवढंच आठवायचं, तेही पुढच्या वेळेपर्यंत. म्हणून दिवसातून तीनदा, निघताना, दुपारच्या मुक्कामाला आणि सूर्य टेकताना, ताई खाली बसून वाळूवर तळहात ठेवायची आणि बरोबर जे जे असेल ते नाव घेऊन सांगायची: माणसं, उंट, पखाली, भांडी. याला हजेरी म्हणायचे. हजेरीत जे राहिलं ते गेलं. ताईच्या आधीचा माणूस एकदा संध्याकाळच्या हजेरीला एका प्रवाशाचा चष्मा सांगायचा विसरला, तर तो बिचारा उरलेले दोन दिवस उंटाच्या शेपटीला धरून चालला होता. आणि वाळू ऐकायची एकाच तोंडाचं. निघताना ज्याने पहिल्या वाळूवर हात ठेवून "मी सांगते" म्हटलं, त्याचंच. हजेरी चालू असताना बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही, नाहीतर वाळूचा गोंधळ उडायचा.

या खेपेला चौघं होते. ताई, बारक्या, त्याची बायको, आणि एक घड्याळजी. पलीकडच्या गावातलं टॉवरचं घड्याळ बंद पडलं होतं, ते बघायला हे गृहस्थ निघाले होते, आपली हत्यारांची पेटी पोटाशी धरून. घड्याळजींना वाटलं होतं, घरच्या माणसांबरोबरचा प्रवास आहे, मजेत जाईल. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांचा टपालवाला झाला होता.

"घड्याळजी, काही लोकांना सांगा, पाणी जपून प्यायचं असतं."

काही लोक दोन हातांवर बसलेले असायचे. घड्याळजी आपले मान वळवून सांगायचे, की बारकूशेठ, पाणी जपून. बारक्या मान हलवायचा. भावजय काहीच करायची नाही आणि त्यानेच ताईचं डोकं जास्त फिरायचं.

वाळूही त्या तीन दिवसांत एका जागी थांबत नव्हती. सकाळी उजवीकडे असलेली टेकडी दुपारी नसायची. वाट मागून पुसली जायची. ताईला बसवत नव्हतं, खाववत नव्हतं. ती चालताना सारखी मागे वळून मोजायची, एक, दोन, तीन, आणि तो तिसरा दिसला की तोंड फिरवायची. आणखी दोन दिवस. मग तो त्या गावात शिरेल आणि ती एकटी परत येईल, आणि खिडकीखालची जागा रिकामी असेल. हा विचार आला की ती उंटावर ओरडायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावजयीने दोन पखाली थोरल्या उंटावरून काढून काळ्या कानाच्या उंटावर टाकल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही. ताईने पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"घड्याळजी, त्या बाईंना सांगा, या वाळवंटात अजून माझा शब्द चालतो."

घड्याळजी तोंड उघडणार तोच बारक्या बोलला. तीन दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही जमिनीकडे बघून. म्हणाला, थोरल्याच्या पाठीला पट्टा काचतोय, मीच तिला सांगितलं होतं बदलायला.

बस. ज्याला आपण वाढवलं तो आपल्यासमोर बायकोची बाजू घेतो. ताई दुपारपर्यंत त्यावरच चालली. पायाखालची वाळू तापत गेली आणि तीही.

दुपारी ताडपत्री ताणून सावली केली. घड्याळजी पेटीला टेकून बसले, भावजय थोरल्या उंटाच्या पाठीला औषध लावायला उभी राहिली, बारक्या तो काचणारा पट्टा मांडीवर घेऊन थोडा बाजूला बसला. ताईने वाळूवर हात ठेवला.

मी आहे, माझा चष्मा आहे, ती म्हणाली. दोन उंट आहेत, एक थोरला, एक काळ्या कानाचा. पाच पखाली आहेत. चार पेले आहेत, एक पातेलं, ताडपत्री आणि तिच्या चार काठ्या. घड्याळजी आहेत, त्यांची पेटी आहे. त्या बाई आहेत, त्यांची पिशवी आहे.

इथे ती थांबली. भाऊ म्हणायला आज जीभ वळेना.

"आणि त्यांच्याबरोबर जे कोणी असतील, ते आहेत."

घरात असतं तर हे वाक्य बरोबर ज्याला लागायचं त्याला लागलं असतं. अबोल्याच्या दिवसांत सगळ्या घरांतून असंच बोलतात, आणि सगळ्यांना कळतं. पण वाळूला टोमणे कळत नाहीत. ताईने वर पाहिलं तेव्हा बारक्या बसला होता तिथे वाळू गुळगुळीत होती. पट्टा नव्हता, माणूस नव्हता. चार पेले मात्र होते, तिने चार सांगितले होते म्हणून.

भावजय उंटाकडून धावत आली आणि तिथे दोन्ही हातांनी उकरू लागली. घड्याळजी उभे राहिले आणि परत बसले.  मग ताईला एकदम जुनं शिकवलेलं आठवलं. गेलेलं परत सांगता येतं, सूर्य टेकायच्या आत. पण वाळू तेवढंच परत देते जेवढं सांगितलं. एक केस जास्त नाही, एक केस कमी नाही. आणि संध्याकाळच्या हजेरीला जसं असेल तसं पक्कं.

भावजय तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिचे हात वाळूने भरले होते. "ताई, मला विचारा. मी सांगते, तुम्ही म्हणा."

"तू त्याला बघायच्या आधी पंचवीस वर्षं मी ओळखते त्याला," ताई म्हणाली. "गप्प बस तू. आवाज करू नकोस."

भावजयीने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

ताईने सांगायला सुरुवात केली. तो जन्मला त्या दिवशी दायीने त्याला उलटा धरला होता तिथपासून. मानेवरचा डाग, पुढच्या दातावर चढलेला दात, उजवं पाऊल जरा बाहेर टाकून चालणं. पाच वर्षांचा असताना भिंतीवरून पडून कोपराला आलेली खूण. आई गेली तेव्हा तो रडला नाही, नंतर आठ दिवसांनी तिची वहाण सापडल्यावर रडला. पखाल शिवताना ओठ मुडपतो, गाणं म्हणत नाही पण गुणगुणतो, शिळं खाणं आवडीने खातो, पहिल्या हाकेला ओ देतो, आता मांडीवर पट्टा घेऊन तिथे बसलाय. ती तासभर बोलत होती. घसा कोरडा पडला. किती माहीत होतं तिला. तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

आणि तो होता. मांडीवर पट्टा घेऊन तिथेच बसलेला, ऊन डोळ्यांवर येतं म्हणून कपाळावर हात धरलेला.

"काय गं तायडे, रडतेस काय अशी?"

तायडे. किती वर्षांनी. ताई धावत गेली, त्याला आपल्या हाताने पाणी पाजलं, त्याच्या पाठीवर दोन गुद्दे घातले. भांडणाबद्दल तिने सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्याला भांडण माहीत नव्हतं. अबोला कुठल्या कुठे गेला. तो हसत होता, दात दाखवून, मोठ्याने. हे हसू दुकानातून कधी गेलं ते ताईच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग भावजय पुढे आली आणि तिने त्याचा दंड धरला. बारक्या अवघडून उठला, हलकेच दंड सोडवून घेतला.

"बसा ना तुम्ही," तो म्हणाला. "घड्याळजींच्या बरोबर आलात का?"

ताडपत्रीची एक कड वाऱ्याने फडफडत होती. भावजय त्याच्याकडे बघत राहिली, मग ताईकडे.  सावलीच्या टोकाला जाऊन बसली आणि रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागली. घातली, मोडली, परत घातली.

बारक्याने ताईला विचारलं, की आपण इकडे कशाला आलोय, दुकानात काम पडलंय, यांना पोचवू आणि लगेच परत फिरू. आणि ताईच्या मनात जे झालं त्याला आनंद याशिवाय दुसरा शब्द नाही. तिला त्याची लाज वाटली नाही. म्हणजे वाटली, पण आनंदानंतर. तिने पुढचं सगळं एका क्षणात बघून घेतलं. बाईंना त्यांच्या माहेरी सोडायचं, घड्याळजींना टॉवरपाशी, आणि भावाला घेऊन घरी. करायचं काहीच नव्हतं. फक्त सूर्य टेकेपर्यंत गप्प राहायचं होतं.

ती बसू शकत नव्हती. उंटांभोवती फेऱ्या मारत होती, न सुटलेल्या गाठी सोडून परत बांधत होती. जाता येता घड्याळजींपाशी थांबून म्हणाली, की माझी काय चूक, मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. घड्याळजी पेटीच्या कडीशी चाळा करत होते.

"तुमच्या घरातलं आहे, मी काय बोलणार," ते म्हणाले. "पण माझ्याकडून घड्याळ जोडताना एक चाक बाहेर राहिलं, तर ते मी खिशात घालून घरी जात नाही."

ताई त्यांच्यावर खेकसली, की तुम्ही तुमची घड्याळं बघा.

ऊन कलायला लागलं होतं. बारक्या गुणगुणत पट्टा शिवत होता. ताई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, नुसतं बघायला. तो एकेरी टाका घालत होता. सरळ, भरभर, एकेरी. असा टाका ओल्या कातड्यात दोन दिवस टिकत नाही. बारक्याची पखाल गळत नाही म्हणून चार गावांतून गिऱ्हाईक यायचं ते त्याच्या दुहेरी टाक्यासाठी, जाताना एका बाजूने आणि येताना दुसऱ्या बाजूने. ताई तो टाका बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला कौतुकाने दाखवायची.

तिने विचारलं, की दुहेरी का नाही घालत. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे कसा?"

"मी शिकवला होता तो," भावजय म्हणाली. पिशवीवरून नजर न उचलता. "लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी."

 तेरा वर्षं त्याच्यापासून दहा पावलांवर बसून ताईने तो टाका रोज पाहिला होता, आणि तो कुठून आला हे तिला ठाऊक नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं. आपला भाऊ, आपल्यासारखाच हुशार, एवढं तिला पुरलं होतं. आता समोर बसलेला हा आनंदी माणूस पंचविसाव्या वर्षी संपत होता. पुढचं तिला येत नव्हतं. आणि ते जिला येत होतं ती पिशवीची घडी घालत होती.

सूर्य वाळूच्या वर हातभर उरला होता. ताई भावजयीशेजारी जाऊन बसली. इतकी जवळ ती तिच्या लग्नातसुद्धा बसली नव्हती.

"माझ्या कानात सांग, कुजबुज वाळूला ऐकू जात नाही," ती म्हणाली. "मी म्हणते. जे असेल ते सगळं सांग, माझ्याकडे बघू नकोस."

भावजयीने तिच्याकडे पाहिलंच. हिला सांगायचं म्हणजे घरातलं कपाट हिच्यापुढे उघडून ठेवायचं. मग तिने डोळे मिटले आणि तोंड ताईच्या कानाशी नेलं. ताईने वाळूवर हात ठेवला.

ती कुजबुजत गेली, ताई मोठ्याने म्हणत गेली. फाटलेली पिशवी घेऊन ती दुकानात आली तेव्हा त्याने ती मुद्दाम आठवडाभर शिवली नाही, म्हणजे ती रोज विचारायला येईल. तो कुशीवर वळला की घोरतो. रागावला की भांडी घासायला घेतो. एकदा निघून गेला होता, दोन गल्ल्या चालला आणि कोथिंबीर घेऊन परत आला, आणि दोघांनी त्यावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही. एक मूल राहिलं होतं, चौथ्या महिन्यात गेलं. ते त्याने कोणालाच सांगू दिलं नाही.

ताईचा आवाज तिथे चिरकला. तिने ते वाक्य पुन्हा नीट म्हटलं.

मग, बायको उदास असली की तो तिला हसवायला ताईची नक्कल करतो, नाकावर चष्मा ओढून, कमरेवर हात ठेवून. ताईने तेही म्हटलं, कमरेवरचा हात खाली घेऊन. घड्याळजींना खोकला आला.

समोर बारक्या एकेका वाक्याने भरत होता. कानाशी पांढरे केस आले, डोळ्यांखाली सुरकुती आली, खांदे जरा उतरले. त्याने भावजयीकडे पाहिलं आणि नजर तिथेच ठेवली. हातातल्या पट्ट्यावरचा टाका बघून तो स्वतःशीच चुकचुकला आणि उसवायला लागला. पण ताईकडे वळला की त्याचा चेहरा अजून तसाच मोकळा, हसरा होता.

भावजय थांबली. म्हणाली, झालं, एवढंच.

"नाही," ताई पुटपुटली. "तू काहीतरी गिळलंस. तो घर सोडून का निघालाय ते राहिलं. ते तुझं होतं ना डोक्यातलं?"

"नव्हतं, ताई. मी नकोच म्हणत होते." भावजय खूप हळू बोलली. "ते राहू दे. ते नसलं म्हणून त्याचं काही अडणार नाही. उलट सुखात राहील. आणि तुम्हीही."

सूर्याची खालची कड वाळूला लागायला आली होती. ताईने कान पुढे केला. भावजयीने सांगितलं.

वाक्य लहान होतं. ताईने ते ऐकलं. ते गाळलं असतं तर कोणाला कळलं नसतं. तिने भावाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघून हसत होता, तायडे म्हणायच्या बेतात. हा असाच राहिला असता. पलीकडे गेला असता तरी असा हसत भेटायला आला असता. तिने त्याला डोळे भरून पाहून घेतलं.

"त्याला ताईची भीती वाटते," ती वाळूला म्हणाली. "लहानपणापासून वाटते. म्हणून तो निघालाय."

हसू एकदम गेलं नाही. आधी ओठ मिटले, मग नजर खाली गेली. त्याने पाय जवळ घेतले, पट्टा बाजूला ठेवला, हात मांडीवर ठेवले आणि बसल्या जागी थोडा मागे सरकला. दुकानात ती जवळ आली की तो नेहमी असाच मागे सरकायचा. त्याचं ते सरकणं ती आयुष्यभर मान देणं समजत आली होती.

"काही चुकलं का माझं, ताई?" त्याने विचारलं.

ती नाही म्हणाली. पुन्हा एकदा, जरा मऊ आवाजात, नाही म्हणाली. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

सूर्य टेकला होता. ताईने हात उचलला नव्हताच. माझा भाऊ आहे, ती म्हणाली, त्याची बायको आहे. मग तिने उंट सांगितले.